चार्ज घेतला

आमच्या ह्यांच्या तोंडात एक इंग्रजी शब्द बसलाय. एकच, पण पक्का बसलाय. चार्ज. बाकीचं इंग्रजी ते कामापुरतं बोलतात, पण ह्या एका शब्दाला त्यांनी असं राबवलंय की बिचाऱ्याला रविवारचीसुद्धा सुट्टी नाही.

सकाळचा पहिला चहा घशाखाली गेला की कप खाली ठेवून म्हणणार, "चला, चार्ज झालो." मोबाइल चार्जिंगला, इन्व्हर्टर चार्जिंगला, ते सगळ्यांच्याच घरी असतं म्हणा. पण आमच्याकडे फ्रिज नीट गार करेनासा झाला की त्यालाही गॅस चार्ज करायचा असतो, आणि मोटर लावूनही टाकीत पाणी चढलं नाही तर पंप चार्ज झालेला नसतो. बडोद्याच्या मांडवीत सोनाराकडे गेलो की बांगडीकडे ढुंकूनही न बघता आधी विचारणार, "मेकिंग चार्ज काय लावता?" रिक्षावाल्याने पिशव्यांचे वेगळे पैसे मागितले की, "आ शेनो चार्ज, भाई?" टीव्हीवर कुठे लाठीचार्ज झाला की आवाज मोठा. आणि मी त्यांच्या बहिणीबद्दल एक अक्षर काढलं की चष्मा कपाळावर सारून म्हणतात, "हं, वाच चार्जशीट." आता तुम्हीच सांगा, अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मला हसू येतं आणि भांडण राहून जातं.

आमची नात मिताली कॉलेजात शिकते. तिने एकदा सांगितलं, "आजोबा, घोडदळ शत्रूवर तुटून पडतं ना, त्यालाही इंग्रजीत चार्जच म्हणतात." झालं! ह्यांचे आजोबा, धनाजीराव, गायकवाड सरकारच्या फौजेत स्वार होते. त्या दिवशी सोसायटीत जो भेटेल त्याला थांबवून सांगत होते, की बघा, आमच्या रक्तातच चार्ज आहे. वॉचमनलाही सोडलं नाही. तो बापडा म्हणाला, "सारुं, साहेब," आणि फाटक उघडायला पळाला.

पण हे सगळं किरकोळ. ह्यांचा खरा चार्ज वेगळा, आणि तो समजायचा तर ह्यांची नोकरी समजली पाहिजे.

जयवंतराव, बघा, नाव घेतलं, आता उखाणा मागू नका, बाजव्याच्या बाजूच्या एका मोठ्या कंपनीत भट्टीवर ऑपरेटर होते. तेल तापवायची भट्टी. आत अष्टौप्रहर ज्योत, आणि तिच्यावर नजर ठेवायचं काम ह्यांचं. कंपनीचं नाव सांगत नाही. बाजव्यात राहणाऱ्याला सांगायची गरज नाही आणि बाहेरच्याला सांगून उपयोग नाही. तिथे तीन पाळ्या आणि एक नियम. पुढच्या पाळीचा माणूस, त्याला रिलीव्हर म्हणतात, तो येऊन समोर उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही. तो आला की त्याला सगळं तोंडी सांगायचं. ज्योत कशी आहे, प्रेशर किती आहे, कुठला पंप कुरकुरतोय, रात्री कशावर लक्ष ठेवायचं. सांगून झालं की विचारायचं, "चार्ज घेतला?" त्याने "घेतला" म्हटलं की मगच पाय उचलायचा. नुसती मान हलवलेली चालत नाही, तोंडाने म्हणायला हवं. आणि रिलीव्हर आलाच नाही, तर दुसरी पाळीही तुमचीच. मग घरी पाहुणे येवोत नाहीतर बायकोला कळा येवोत.

मला आल्याच. आमच्या अनयच्या वेळी हे असेच अडकले होते. दवाखान्यात पोचले तेव्हा पोरगं जगात येऊन, दूध पिऊन, झोपलंसुद्धा होतं. बाप झालेला माणूस काय बोलेल? डोळ्यांत पाणी येईल, बायकोचा हात धरेल. ह्यांनी पाळण्यात वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बरं. आता हा आपल्या चार्जात." नर्स हसत बाहेर गेली आणि तिने ते अख्ख्या वॉर्डात सांगितलं.

लग्नात तर ह्याहून कहर. माझं माहेर दांडिया बाजारात. पाठवणीच्या वेळी माझे वडील गणपतराव, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, लहान मुलासारखे रडत होते. ह्यांचा हात धरून म्हणाले, "पोर तुमच्या हवाली करतोय, सांभाळा." अशा वेळी जावयाने काहीतरी गोड बोलावं, निदान मान तरी खाली घालावी. हे नुकतेच नोकरीला लागलेले. ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "अप्पा, चार्ज घेतला." सगळा मांडव खो खो हसला. डोळे पुसता पुसता अप्पाही हसले. मी मात्र शालूच्या आत धुमसत होते. मी काय पंप आहे? की भट्टी आहे?

त्याच दिवशी मनाशी ठरवलं, की ह्यांच्या "चार्ज घेतलास?" ला "घेतला" असं उत्तर आयुष्यात द्यायचं नाही. गॅसवर दूध ठेवून अंघोळीला जाताना विचारतात. पोराला माझ्या कडेवर देताना विचारायचे. घराच्या किल्ल्या हातात ठेवताना विचारतात. मी म्हणते, "हं." त्यांना ते पुरत नाही, मला ठाऊक आहे. म्हणूनच तेवढंच म्हणते.

आता दिव्याचं सांगते.

आमच्याकडे नवरात्रात घट बसतात. देवापुढे जमिनीवर पत्रावळीत माती पसरून धान्य पेरायचं, मध्ये कलश, वर रोज फुलांची एक माळ, आणि शेजारी समईत नऊ दिवस अखंड दिवा. माझ्या सासूबाई इंदिराबाई मोठ्या करड्या. आधी म्हणे घरात दिवा फक्त सकाळ-संध्याकाळ असायचा. हे भट्टीवर लागले त्याच वर्षी, ऐन नवरात्रात, कंपनीचा सायरन झाला. आठवड्याच्या चाचणीचा नव्हे, तो सरळ एका सुरात वाजतो आणि थांबतो. हा चढत-उतरत रडणारा, वायू सुटला की वाजतो तो, धोक्याचा. सासूबाईंनी दिव्यापुढे पदर पसरला आणि लेक घरी येईपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. काही झालं नव्हतं, नुसती तालीम होती. पण त्या दिवसापासून आमच्या घरी दिवा अखंड. म्हणायच्या, "माझा लेक तिकडे ज्योतीपाशी उभा असतो. इकडची ज्योत मी राखते, तिकडची देवीआई राखेल. सायरन वाजो की काही होवो, माझा लेक घरी आला पाहिजे." देवीकडे त्यांचं एवढंच मागणं होतं.

पुढे त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा मला शेजारी बसवून सगळं शिकवलं. वात सरत आली की आधी तिच्याच ज्योतीवर नवी लावायची. दोन्ही थोडा वेळ एकत्र जळू द्यायच्या. नवी स्थिर झाली की मगच जुनी काढायची. काजळी चिमट्याने हळूच काढायची, फुंकर म्हणून मारायची नाही. आणि दिवा विझला हे शब्द ह्या घरात कोणी उच्चारायचे नाहीत.

मग तो दिवा मी राखला. आधी कंपनीच्या क्वार्टरमध्ये, नंतर ह्या आमच्या बाजव्याच्या फ्लॅटमध्ये. नवरात्रात असो की एरवी, तो रडका सायरन आला की क्वार्टरमधल्या बायका गॅलरीत जमून कंपनीच्या दिशेने बघायच्या. मला नाही बघवायचं तिकडे. मी देवापुढे जाऊन बसायची. जिन्यात ह्यांच्या जड बुटांचा आवाज आला की मगच उठून चहा टाकायची, आणि वर ह्यांनाच म्हणायची, "एवढा उशीर?" आपण घाबरलो होतो हे नवऱ्याला कळू देईल ती मी कसली! हे निवृत्त झाले, बूट गेले, चपला आल्या. दिवा मात्र चालूच राहिला. आता कशासाठी, असं कोणी विचारलं नाही, आणि माझ्याही मनात कधी आलं नाही.

ह्या वर्षी श्रावणात माझा उजवा गुडघा बदलला. दवाखान्यात ह्यांनी काय काय केलं ते सांगायला बसले तर रात्र होईल, एकच सांगते. अनय सुट्टी काढून ह्यांना मोकळं करायला आला. हे त्याला सांगतायत, "पाणी घोट घोट द्यायचं. पायाखालची उशी हलू द्यायची नाही. नर्सबाई जरा तापट आहेत, सांभाळून. चार्ज घेतला?" अनय म्हणाला, "हो पप्पा, जा ना आता घरी." हे हलायला तयार नाहीत. "हो नाही. घेतला म्हण." अलकापुरीत मोठ्या ऑफिसात बसणारा माझा मुलगा, शेवटी हात जोडून म्हणाला, "घेतला, बाबा, घेतला!" मग कुठे हे चपला घालायला गेले. घरी सोडायच्या दिवशी डिस्चार्जचा कागद हातात पडल्यावर मला दाखवून म्हणाले, "बघ, इथेही आहेच." मी म्हटलं, "असू दे. आता मला उठवा."

गुडघा छान झाला. पण डॉक्टरांनी बजावलं, जमिनीवर बसायचं नाही, वाकायचं नाही. आणि नवरात्र तोंडावर आलं.

खरं सांगते, माझी झोप उडाली. जमिनीवर बसल्याशिवाय दिवा राखायचा कसा? दिवसा एक वेळ कोणी मदत करेल, रात्रीचं काय? अनय म्हणाला, "आई, ह्या वर्षी इलेक्ट्रिकचा लाव." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून गॅलरीत गेला. सून समजूतदार आहे, ती म्हणाली, "सकाळ-संध्याकाळ लावू या, देवी समजून घेते." देवी घेईल हो, माझं मन घेत नव्हतं. सासूबाईंच्या वेळेपासून जे कधी खंडलं नाही ते माझ्या हातून खंडणार, आणि त्याचं काही वाईट झालं तर ते माझ्या माणसाला भोगावं लागणार, ही भीती पोटात बसली होती. हसायचं तर हसा.

तेव्हा हे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "दिव्याचा चार्ज मी घेतो."

"तुम्ही? तुम्हाला कुकरची शिट्टी मोजता येत नाही."

"अगं, अख्खी नोकरी ज्योतीपाशी गेली माझी."

ते खरंच होतं. कंपनीची ज्योत त्यांनी जन्मभर राखली, घरातल्या ज्योतीपाशी मात्र कधी बसले नव्हते. मग मी खुर्चीवर आणि हे माझ्या पायाशी सतरंजीवर, अशी आमची शिकवणी झाली. वातीवर वात लावायचं दाखवलं तर एकदम खूश. "म्हणजे रिलीव्हर आल्याशिवाय जुनी वात जागा सोडत नाही! तुझ्या सासूबाईंना कंपनीत घ्यायला हवं होतं."

"त्या तुमच्या आई होत्या," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय मी. चार्ज देतेस?"

"हं."

आणि मग काय विचारता! घट बसले आणि आमच्या घराचा प्लांट झाला. पंखे बंद, कारण वारा. आश्विनातला बडोद्याचा उकाडा, आम्ही सगळे घामाघूम. खिडकीला पुठ्ठा. समईभोवती ह्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा वाकवून आडोसा केला, दिसायला असा ओबडधोबड की हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका आधी त्याच्याकडेच बघायच्या. रात्री हे सतरंजी टाकून दिव्याशेजारीच आडवे होत. आमच्याजवळच्या मैदानात गरबा मोठा होतो, म्हणून मिताली नऊ दिवस आमच्याकडे राहायला आली होती. तिला ह्यांनी दुपारची पाळी दिली. ती डोळे चोळत म्हणाली, "आजोबा, रात्रभर गरबा खेळून येते मी. पाय पण चार्ज करायला लागतात ने!" आपलाच शब्द नातीच्या तोंडून आला म्हटल्यावर आजोबा विरघळले. दुपारची पाळीही स्वतःच घेतली.

रोज सकाळी अंघोळीला जायच्या आधी माझ्या खुर्चीपुढे उभं राहून सांगणार, "ज्योत स्थिर. तेल काठोकाठ. रात्री दोनदा काजळी काढली. वारा नाही. चार्ज घेतलास?"

"हं."

तरी जात. पण जाता जाता मागे वळून ज्योतीकडे एकदा बघत.

मी खुर्चीत बसून हे सगळं पाहत होते, आणि सांगू? सुखात होते. आयुष्यभर ज्या दिव्यापुढे ह्यांची वाट बघितली, त्या दिव्यापुढे हेच मांडी घालून बसलेले. बनियनवर, कपाळाला कुंकू, हातात चिमटा. वाटायचं, सासूबाईंनी एकदा बघायला हवं होतं.

पाचवी माळ झाली त्या सकाळची गोष्ट. मिताली आतल्या खोलीत गाढ झोपलेली. हे माळ बांधून दिव्यापाशी बसले होते. मी खुर्चीत उपासाचे बटाटे सोलत होते. शेगडीवर दुधाचं पातेलं होतं. ह्यांचा मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला.

आणि सायरन झाला. चढत-उतरत रडणारा, तोच.

मी काही बोलायच्या आत हे उठले होते. पण उठायच्या आधी हात पुढे गेला आणि दोन बोटांच्या चिमटीत त्यांनी समईची ज्योत दाबली. मी डोळ्यांनी पाहिलं. मग दोन ढांगांत स्वयंपाकघर, गॅस बंद, सिलिंडरवरचा खटका बंद. येताना टॉवेल ओला करून आणला, माझ्या नाकातोंडावर धरला, आणि दोन्ही हात माझ्या काखेत घालून मला उभं केलं.

"उठ. हळू. वारा तिकडून आहे, आपण मागच्या बाजूने निघायचं. मिताली! ऊठ आधी!"

हा आवाज घरातला नव्हता. ह्या माणसाला मी इतकी वर्षं ओळखते, पण हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मला वजनच नसल्यासारखं त्यांनी दारापर्यंत नेलं. सोललेले बटाटे घरभर पसरले. मागून मिताली केस सावरत धावत आली.

दार उघडलं तर समोरच्या हंसाबेन त्यांच्या दारात रांगोळी काढत बसलेल्या. आमची वरात बघून त्यांच्या हातातला रंग सांडला.

"अरे जयवंतभाई, क्यां जाओ छो? मॉक ड्रिल छे! ग्रुपमां मेसेज आव्यो छे ने!"

तेवढ्यात सायरन सरळ झाला. एका सुरात वाजला आणि थांबला. धोका नाही.

हे मला तसंच धरून उभे होते. मग हळूच मला परत खुर्चीत बसवलं, आणि वळले. समईच्या वातीतून धुराची एक रेघ वर चालली होती.

"आजोबा, दिवा..." मिताली म्हणाली.

हे मटकन सतरंजीवर बसले. मग म्हणाले, "कौशल्या."

चारचौघांत तर सोडाच, एकांतातही हे मला नावाने हाक मारत नाहीत. अगं, ऐकलंस का, ह्यावर आमचा संसार झालाय.

"कौशल्या, भट्टीवर सायरन झाला की पहिलं काम ज्योत बंद. हात आपोआप गेला गं. आयुष्यात तू एकच चार्ज दिलास मला. तो नाही राखता आला."

त्यांची दोन बोटं काळी झाली होती आणि डोळे भरले होते. भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस, देवापुढे पोरासारखा रडकुंडीला आला होता.

जिभेवर शब्द तयार होते, माझी जीभ काही बसून राहणारी नाही. एवढं साधं काम सांगितलं होतं, असं म्हणणारच होते. पण काखेत अजून त्यांच्या हातांची पकड जाणवत होती. आणि एकदम ध्यानात आलं, की इतके सायरन ऐकले, इतक्या वेळा देवापुढे बसले, जिन्यातल्या बुटांच्या आवाजासाठी जीव कानात आणून बसले, पण घट बसलेत, तो सायरन वाजतोय आणि हे माझ्याजवळ आहेत, असं आज पहिल्यांदा झालं होतं.

मला रडू फुटलं. आणि रडता रडता हसूही. हंसाबेन दारातून घाबरून बघत होत्या, कौशल्याबेनला काय झालं म्हणून.

"अहो, इकडे बघा," मी म्हटलं. "हा दिवा आम्ही दोघी सासू-सुना कशासाठी लावत होतो, ठाऊक आहे?"

"देवीसाठी."

"देवीला दिव्यांची काय कमी आहे? तुमच्यासाठी. सायरन वाजला तरी तुम्ही घरी यावं म्हणून. सासूबाईंचं एवढंच मागणं होतं, आणि माझंही. आज सायरन वाजला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"इथेच."

"मग? तुम्ही येईपर्यंत दिव्याने जागा सोडली नाही. आणि तुम्ही आलात, त्याच्यासमोर येऊन बसलात. रिलीव्हर आल्यावर माणसाने जायचं असतं ना? नियम तुमचाच आहे. मी किती घाबरायची हो तेव्हा. कधी सांगितलं नाही तुम्हाला. किती किती घाबरायची."

हे माझ्या चांगल्या गुडघ्यावर कपाळ टेकून बसून राहिले. मिताली आत जाऊन नाक शिंकरून आली.

हंसाबेनना मराठी सगळं कळतं, तीस वर्षं बाजव्यातल्या मराठी बायकांशी भाजी निवडत गप्पा मारल्यात त्यांनी. पदराने डोळे पुसत आत आल्या आणि म्हणाल्या, "मारा गरबामांथी ज्योत लई जाओ ने. मा तो एक ज छे." गुजराती घरांतून नवरात्रात गरबो मांडतात, मातीचं भोकाभोकांचं मडकं, आणि त्यात नऊ दिवस दिवा. आमचा घट तसा त्यांचा गरबो. इतकी वर्षं समोरासमोर दोन्ही दिवे जळत होते, कधी सुचलं नव्हतं.

ह्यांनी हात-पाय धुतले, निरांजनात नवी वात घातली आणि समोर गेले. मी खुर्चीतून बघत होते. हंसाबेनच्या दारातून आमच्या दारात यायला असा किती वेळ लागतो? पण हे असे आले की जणू हातात तान्हं मूल आहे. एक हात निरांजनाखाली, दुसऱ्या हाताचा आडोसा, नजर ज्योतीवर, पाय जमिनीला घासत. उंबऱ्याशी थांबले. मिताली पुढे होऊन म्हणाली, "या, आजोबा." मग आत आले आणि खाली बसून समई लावली. दोन्ही ज्योती थोडा वेळ एकत्र जळू दिल्या, शिकवलं होतं तसं. समईतली स्थिर झाल्यावर निरांजन बाजूला घेतलं.

"आता ती बोटं पाण्याखाली धरा जाऊन," मी म्हटलं. "फोड येतील."

ते उठले, आणि सवयीने तिथेच उभे राहिले. दिव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी खुर्ची दिव्याजवळ ओढून घेतली.

"ज्योत नवी आहे," ते म्हणाले. आवाज अजून ओलाच होता. "हंसाबेनच्या गरब्यातली. तेल भरलेलं आहे. वारा नाही. चार्ज घेतलास?"

मला अप्पा आठवले. डोळे पुसता पुसता हसणारे अप्पा, आणि त्यांच्यासमोर ताठ उभा असलेला हा माणूस. तेव्हा जे म्हणाला ते त्याने आजपर्यंत सोडलेलं नाही, आणि मी मात्र एका शब्दासाठी इतकी वर्षं अडून बसले होते.

"घेतला," मी म्हणाले.

तरी हे हलेनात. तसेच तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत उभे.

"अहो, जा ना आता," मी म्हटलं. "घेतला म्हटलं ना."